पुष्पवृष्टीप्रमुख

शहादेवरावांनी हात वर केला आणि जेसीबीची बकेटभर फुलं बबनराव दूधवाल्याच्या डोक्यावर पडली.

खरं तर त्या हाताचा अर्थ 'थांबा' असा होता. बालाघाट वातावरण संशोधन संस्थेच्या फाटकासमोर जेसीबी उभा होता, त्याची बकेट आभाळात होती, बकेटीत झेंडू ठासून भरला होता आणि बीडच्या बाजूनं उघड्या जीपमधून डॉक्टर केदारनाथ शेटे यांची मिरवणूक येत होती. जेसीबी चालवणाऱ्या तानाजीला इंजिनाच्या घरघरीत कुणाचं काही ऐकू येणार नव्हतं. म्हणून सकाळीच ठरलं होतं की, सरांनी हात वर केला की बकेट पालथी करायची. तेवढ्यात मधल्या मोकळ्या जागेत, दोन्ही अंगांना कॅन लटकवलेली मोटारसायकल घेऊन लिंबागणेशचे बबनराव शिरले. संस्थेच्या कॅन्टीनला दूध त्यांचंच. रोजच्या फाटकाला आज कमान कशाला बांधली आहे, असल्या चौकशा करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांना अडवायला शहादेवरावांनी घाईघाईनं हात वर केला. तानाजी इमानी माणूस. त्यानं बकेट पालथी केली.

पुढचं सगळं आपोआप झालं, कारण सगळं नीट ठरवून ठेवलेलं होतं. फुलं पडली की फटाक्यांची लड लावायची, ती लागली. लड लागली की डीजे वाजवायचा, तो वाजला. डीजे वाजला की कर्मचाऱ्यांनी घोषणा द्यायच्या, त्यांनी दिल्या. "शेटे सर, तुम आगे बढो!" असं पन्नासेक माणसं एका दूधवाल्याच्या तोंडावर ओरडत होती आणि बबनराव गुडघाभर झेंडूत एक पाय टेकवून उभे होते. त्यांनी आधी कॅनची झाकणं चाचपली. मग वर बकेटीकडे पाहिलं. मग एवढी शिकलेली माणसं आपल्यासाठी घसा कोरडा करताहेत म्हटल्यावर बरं दिसत नाही म्हणून दोन्ही हात जोडले.

"सर," लड विझल्यावर त्यांनी शहादेवरावांना विचारलं, "माझा सत्कार कावून केला?"

जीप आली ती त्यानंतर. तिच्यात केदारनाथ गुलाबी फेटा बांधून उभा होता. शेजारी संस्थेचे अध्यक्ष अमरसिंह भैय्या होते. दोघांनीही वर बकेटीकडे पाहिलं. तानाजीनं बकेट दोनदा झटकली, तेव्हा चार पाकळ्या आणि पसाभर मुरूम खाली आला. मुरूम जीपच्या बॉनेटवर पडून टणटण वाजला.

भैय्यांनी शहादेवरावांकडे पाहिलं. निवडणुकीत पडलेला माणूस आपल्याच वॉर्डातल्या मतदाराकडे बघतो तसं पाहिलं. आणि गर्दीतून कुणीतरी आरामात म्हणालं, "टायमिंग बराबर साधलं सरांनी."

लोक हसले. शहादेवरावही हसले, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं. पण ते वाक्य त्यांच्या गळ्यात कोरड्या भाकरीसारखं अडकून बसलं. हात 'थांबा' म्हणायलाच वर गेला होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण एका मोटारसायकलला थांबवायला तो इतका वर, पार कानशिलाच्या वर कशाला गेला, हे त्यांचं त्यांनाही सांगता येईना.

शहादेवराव जळत होते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि संस्थेत ते ठाऊक नसलेला माणूस नव्हता. कॅन्टीनमध्ये तर 'आज सरांचा चहा बिनसाखरेचा का कडू?' अशी चौकशी व्हायची. साखर त्यांना डॉक्टरांनी बंद केली होती. केदारनाथला मधुमेह नव्हता. हीसुद्धा त्यांना एक ठरवून केलेली गोष्ट वाटायची.

चकलांब्याचे शहादेव मस्के आणि उमापूरचा केदारनाथ शेटे एकाच दिवशी संस्थेत लागले होते. दोघांना मिळून एक खोली, एक कपाट आणि एक पंखा मिळाला. पंखा केदारनाथच्या टेबलाकडे तोंड करून होता. तिथून सुरुवात झाली म्हणायला हरकत नाही. शहादेवरावांनी टेबलांची अदलाबदल करून घेतली. पंख्याखाली बसल्यावर त्यांना सर्दी झाली आणि केदारनाथ खिडकीच्या वाऱ्यात मजेत बसून राहिला.

केदारनाथ दिसायला शास्त्रज्ञ वाटत नसे. तो उमापूरच्या किराणा दुकानातून नुकताच उठून आलाय आणि मागं कुणी गिऱ्हाईक खोळंबलंय, असंच वाटायचं. त्याचे वडील शिवशरणआप्पा यांचं बाजारपेठेत दुकान होतं आणि केदारनाथ हरभऱ्याच्या पोत्यावर बसून भौतिकशास्त्र शिकला होता. दुकान सुटलं, पण हात दुकानातलेच राहिले. स्क्रू असोत, वॉशर असोत, बिस्किटं असोत, तो सगळ्याची कागदात पुडी बांधायचा आणि दोरा बोटाभोवती गुंडाळून झटक्यात तोडायचा. त्यांचं कपाट उघडलं की शेंगदाणे मिळतील असं वाटे, निघायचे ट्रान्झिस्टर. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे सकाळच्या पूजेपासून संध्याकाळपर्यंत शाबूत. बोलणं असं की प्रत्येक शब्द तराजूत घालून, काटा मध्ये आल्यावरच सोडायचा. शहादेवरावांनी एकदा हवेच्या दाबावर तासभर व्याख्यान दिलं आणि खाली येऊन विचारलं, "कसं झालं बे?" केदारनाथ म्हणाला, "आवाज शेवटपर्यंत आला."

आता असल्या माणसाशी कसं राहायचं?

तरी ते राहिले. डबा दोघं एकत्र खायचे. केदारनाथच्या डब्यात वर्षाराणी वहिनींचे धपाटे आणि दही असायचं, शहादेवरावांच्या डब्यात विजयमालाबाईंची भाकरी आणि चार वाक्यं असायची. वाक्यं त्यांनी सकाळीच खाऊन घेतलेली असत. धपाट्यांवरूनही त्यांचा जीव जळायचा, पण जळता जळता ते तीन-तीन खायचे.

मोठं जळणं मात्र कामावरून होतं. आणि इथं शहादेवरावांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला पाहिजे. त्यांनी केदारनाथचं वाईट कधीच केलं नाही. जे चांगलं होतं ते फक्त आपल्याकडे ठेवलं.

संस्थेचं काम आभाळातल्या विजांचं. पावसाळ्याच्या तोंडाला आपल्या भागात वीज पडून माणसं जातात, जनावरं जातात. ती पडायच्या आधी कळावं, ही सगळी धडपड. वीज जमिनीवर यायच्या आधी ढगाच्या पोटात बारीक बारीक ठिणग्या उडतात आणि रेडिओत जशी खरखर येते तशी त्यांची खरखर अँटेनावर पकडता येते. ती पकडायला संस्थेला दोन अँटेना मिळाल्या. एक बसणार होती नव्या इमारतीत, जिथं लिफ्ट होती, एसी होता आणि पाहुणे येऊन फोटो काढायचे. दुसरी बसणार होती लिंबागणेशच्या पलीकडं माळावर, एका पत्र्याच्या शेडात. तिथं मोबाईलची रेंज नव्हती, पाण्याचा नळ नव्हता आणि सावलीला एक बाभूळ होती, तीही शेजारच्या बांधावर. कोण कुठं जाणार हे ठरवायला समिती नेमली गेली. समितीचे प्रमुख शहादेवराव होते.

"केदार, तुला शांतता लागते," त्यांनी मोठ्या मायेनं सांगितलं. "तू शेडात जा."

"बरं," केदारनाथ म्हणाला आणि धपाटे पुडीत बांधून शेडात गेला.

नव्या इमारतीत शहादेवरावांनी अँटेना बसवली आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना भयंकर विजा सापडल्या. आभाळ मात्र निळंशार. चौकशी केली तेव्हा ती लिफ्टची मोटर निघाली. लिफ्ट बंद ठेवली तर एसी खरखरला. एसी बंद केला तोवर भैय्यांनी गच्ची मोबाईल कंपनीला भाड्यानं दिली आणि अँटेनाच्या डोक्यावर टॉवर उभा राहिला. एकदा तर ऐन एप्रिलात शहादेवरावांनी संस्थेच्या दिशेनं सरकणाऱ्या मोठ्या वादळाची खबर दिली, गुराख्यांना माळावरून खाली बोलावलं. ते वादळ म्हणजे कॅन्टीनचा मिक्सर होता. त्या दिवशी शेंगदाण्याची चटणी जास्त होती.

आणि तिकडं शेडात, जिथं काहीच नव्हतं, तिथं फक्त ढग ऐकू येत होते.

पाहुण्यांचंही तसंच झालं. मुंबई-दिल्लीहून मोठे शास्त्रज्ञ आले की त्यांना हिंडवायचं काम दोघांकडे असायचं. पाहुण्यांनी आपल्यालाच ओळखावं म्हणून शहादेवरावांनी बैठकीत ठराव मांडला की, शेटे सरांना या सरबराईतून मोकळं करावं. ठराव मंजूर झाला. मग शहादेवराव पाहुण्यांना कपिलधारचा धबधबा दाखवत, हुरडा खाऊ घालत, स्टेशनावर सोडायला संभाजीनगरपर्यंत जात. पाहुणे 'मस्केजी, बहोत अच्छा' म्हणून जात आणि पुन्हा त्यांचा फोन येई तो हुरड्यासाठी. तेवढ्या दिवसांत केदारनाथनं शेडात बसून काय केलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

पण या सगळ्यावर कळस म्हणजे नाव पाठवण्याची गोष्ट. राज्य पातळीवर एक आटोपशीर पुरस्कार होता. तो आपल्याला मिळेल असं शहादेवरावांना आतून वाटत होतं. अडचण एकच, केदारनाथचं नाव आडवं येत होतं. आता एका माणसाचं नाव वर्षात एकाच पुरस्काराला पाठवता येत होतं. शहादेवरावांनी डोकं चालवलं. देशपातळीवरचा व्योम पुरस्कार होता, भौतिकशास्त्रातला सगळ्यात मोठा, जो आजवर मोठमोठ्या संस्थांच्या बाहेर गेला नव्हता. त्यांनी स्वतः दोन रात्री बसून केदारनाथच्या कामाबद्दल सुंदर इंग्रजीत लिहिलं आणि त्याचं नाव व्योमला पाठवून दिलं. वाट मोकळी झाली.

राज्याचा पुरस्कार त्या वर्षी योग्य उमेदवार न मिळाल्यामुळं कुणालाच दिला गेला नाही. व्योम केदारनाथला मिळाला.

बातमी आली तेव्हा शहादेवराव खिचडी खात होते. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"काय झालं?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"केदारला पुरस्कार मिळाला. देशातला सगळ्यात मोठा."

"अगं बाई! लई छान झालं की. कशाला मिळाला?"

"ढगातली खरखर शोधली म्हणून."

"मग तुमी कावून न्हाई शोधली?"

"माझ्या खोलीत लिफ्टची खरखर येती."

"मग लिफ्टचा शोध लावायचा," विजयमालाबाई म्हणाल्या आणि वर्षाराणी वहिनींना फोन करायला उठल्या.

संस्थेत पेढे वाटायचं काम शहादेवरावांकडे आलं. दोस्त म्हणून त्यांचा मान होता तो. ज्याला साखर बंद आहे त्यानं ज्याच्यावर जळतो त्याचे पेढे अख्ख्या संस्थेत वाटायचे आणि प्रत्येक टेबलाशी 'तुमी न्हाई का घेत सर?' हे ऐकायचं. मग फ्लेक्स आला. त्यावर अध्यक्षांचा फोटो केदारनाथच्या फोटोपेक्षा मोठा होता, यानं शहादेवरावांना जरा बरं वाटलं. पण खाली शुभेच्छुकांच्या रांगेत आपला फोटो शोधला, तर तो कोपऱ्यात, कॅन्टीनच्या ठेकेदाराच्या पलीकडं होता. ठेकेदाराला गॉगल होता, त्यामुळं तो जास्त शुभेच्छुक दिसत होता.

आणि सत्काराच्या बैठकीत भैय्या म्हणाले, "मस्के सर, तुमचा जिगरी दोस्त हाय. फुलाचं तुमीच बघा. पुष्पवृष्टीप्रमुख तुमी."

तर असे ते पुष्पवृष्टीप्रमुख. आणि असा तो हात.

कार्यक्रम मंडपात सुरू झाला तेव्हा बबनराव पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या टोपीत अजून दोन झेंडू होते आणि कुणी त्यांना उठवायला धजावत नव्हतं, कारण ते दृश्य एव्हाना सगळ्या मोबाईलवर फिरलं होतं आणि लिंबागणेशात त्यांच्या घरी पाहुणे जमू लागले होते. शहादेवराव व्यासपीठावर होते. मोबाईलवर झुकलेल्या समोरच्या प्रत्येक मानेत त्यांना तोच व्हिडिओ दिसत होता. त्यात त्यांचा हात वर जातो आणि मग फुलं पडतात. पुन्हा हात वर जातो. कुणीतरी त्याचा वेग कमी करून पाहत होतं.

परिचय करून द्यायचं काम त्यांचंच होतं. त्यांनी भाषण चांगलं तयार केलं होतं. त्यात केदारनाथ भरपूर होता, पण मधूनमधून 'आम्ही दोघांनी', 'आमच्या खोलीत', 'मी त्याला म्हटलं' असं हळदीएवढं स्वतःलाही घातलं होतं. उभं राहिल्यावर मात्र त्यांना गर्दीतलं ते टायमिंगचं वाक्य आठवलं आणि आपलं सगळं 'मी' त्यांनी गिळून टाकलं. त्याऐवजी त्यांनी केदारनाथची स्तुती केली. तो थोर आहे म्हणाले. लोक गालात हसले. तो फार थोर आहे म्हणाले. मागच्या बाजूला कुणीतरी खोकलं. मग त्यांनी त्याची साधी राहणी काढली, त्याची मातृपितृभक्ती काढली, दुकानातल्या पोत्याचा उल्लेख गहिवरून केला. आणि जसजशी स्तुती वाढली तसतसं सगळ्या मंडपाला पक्कं होत गेलं की माणूस घाबरलाय, फुलं मुद्दामच पाडली असणार. शेवटी 'हा माझा भाऊ आहे' म्हणून ते बसले तेव्हा तर एका बाईनं कपाळाला हात लावला.

बसल्यावर त्यांनी केदारनाथकडे चोरून पाहिलं. तो हातातल्या हारातला निसटलेला दोरा बोटाभोवती गुंडाळत होता. चेहऱ्यावर काहीच नाही. दुकानात उधारी मागणाऱ्यासमोर शिवशरणआप्पांचा चेहरा असाच असेल.

आता शहादेवरावांना बाकी कशाचं काही वाटेना. लोक काय, आज हसतील, उद्या दुसऱ्या कुणावर हसतील. पण याला काय वाटलं? एका ताटातला माणूस. याला जर वाटत असेल की ह्या शहादेवनं आपल्या आयुष्यातली एकुलती एक फुलं मुद्दाम दुसऱ्याच्या अंगावर घातली, तर उद्या डबा कुणासमोर उघडायचा? आणि गंमत बघा, ही काळजी करतानासुद्धा त्यांना जळायला वेळ मिळत होता. फेटा त्याला काय शोभत होता!

आमच्याकडे भाषणाला उभं राहिलं की आधी व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं घ्यायची असतात. मानानुसार, हुद्द्यासकट, एकही न वगळता. एखाद्याचं नाव राहिलं तर तो पुढची दोन लग्नं जेवायला येत नाही. भैय्या खुर्चीत सावरून बसले, नाव आलं की हात जोडायला मोकळे. केदारनाथ उभा राहिला, माईक आपल्या उंचीला केला आणि म्हणाला, "सगळ्यांना नमस्कार."

संपलं. भैय्यांचे हात मांडीवरच राहिले. मंडप गार पडला.

"मला तीन गोष्टींमुळं हे काम करता आलं," तो म्हणाला. "एक, लिंबागणेशच्या माळावर रेंज न्हाई. तिथं मला शहादेव मस्केनं पाठवलं. दुसरी, मला पाहुण्यांमागं हिंडावं लागलं न्हाई. ते काम शहादेव मस्केनं काढून घेतलं. तिसरी, माझं नाव ह्या पुरस्काराला जायलाच नको होतं. ते शहादेव मस्केनं पाठवलं. एवढंच."

आणि तो बसला.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. अध्यक्षांचं नाव नाही, खासदारांच्या स्वीय सहायकाचं नाव नाही, आणि मस्के सरांचं तीनदा! मग बबनरावांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना आज टाळ्यांची सवय झाली होती. पाठोपाठ सगळा मंडप कडाडला. ज्या बाईनं कपाळाला हात लावला होता, ती डोळे पुसू लागली.

शहादेवराव मात्र खुर्चीत थिजून बसले. तीनही गोष्टी खऱ्या होत्या. अक्षर अन् अक्षर खरं. पण त्या तीनच का निवडल्या यानं? याला माहीत आहे का त्यामागचं? माहीत असेल तर चारचौघांत, फेटा बांधून, सरळ चेहऱ्यानं कान उपटला म्हणायचा. आणि माहीत नसेल तर हा माणूस साधू आहे. आणि रोज एका साधूच्या धपाट्यांवर जगायचं, हे तर त्याहून कठीण. इतकी वर्षं ज्याच्यावर मन लावून जळलो, त्यानं आज जळायचा हक्कही काढून घेतला, असं त्यांना वाटलं.

खाली उतरल्यावर लोकांनी त्यांना घेरलं. कुणी हात हातात घेतला, कुणी पाया पडलं. मघाशी टायमिंगचं बोलणारा म्हणाला, "सर, तुमच्यासारखं मन पाहिजे." भैय्या तेवढे चिडलेले होते, ते कोरडं हसून म्हणाले, "मस्के सर, पुढच्या टर्मला अध्यक्ष तुमीच व्हा मग." आणि गाडीत बसून गेले.

बबनराव शेवटी आले. "सर, एक बोलू का? फुलं घरी धाडली तर घरचे म्हणतात, शेटे सरांची फुलं आपल्याला आली, पाप लागंल. परत करू का?"

"राहू द्या," शहादेवराव म्हणाले. "म्हशीला घाला."

"घरच्यांनी तेच केलंय," बबनराव म्हणाले. "थोडी तुमच्यासाठी राखून ठेवली होती फक्त." आणि त्यांनी धोतराच्या सोग्यातून मूठभर चुरगळलेला झेंडू काढून शहादेवरावांच्या ओंजळीत घातला.

तो झेंडू तसाच मुठीत घेऊन ते खोलीवर आले. केदारनाथ आधीच येऊन बसला होता. फेटा खुर्चीवर होता, शाल कपाटाला, विभूती कपाळाला. व्योम पुरस्काराचं चकाकतं पदक त्यानं वर्तमानपत्राच्या कागदात पुडी करून ट्रान्झिस्टरच्या पुड्यांमध्ये ठेवलं होतं. टेबलावर डबा उघडलेला होता आणि शहादेवरावांच्या बाजूला दोन धपाटे काढून ठेवलेले होते. दही मधोमध.

शहादेवराव बसले. मुठीतला झेंडू कुठं ठेवावा ते कळेना, म्हणून टेबलाच्या कडेला ठेवला. पंखा अजून त्यांच्याच डोक्यावर फिरत होता, आणि पाकळ्या सरकत सरकत केदारनाथच्या बाजूला गेल्या.

"केदार."

"हं."

"शेडाचं बोललास तू."

"हं."

"पाहुण्यांचं बोललास. नाव पाठवलं तेबी बोललास."

"हं."

"फुलाचं बोलला न्हाईस."

केदारनाथनं धपाट्याचा तुकडा तोडला. शहादेवरावांना घास घेववेना. एवढ्या वर्षांत समोरचा धपाटा त्यांनी पहिल्यांदाच तसा राहू दिला होता.

"लोक म्हणतात मी मुद्दाम केलं," ते म्हणाले. "ऐक बे. मी त्या दूधवाल्याला थांब म्हणत होतो. देवाशपथ. पण लोकांचं जाऊ दे. तू सांग. तुला काय वाटतं, मुद्दाम केलं मी?"

केदारनाथनं हाराचा दोरा बोटावरून काढला, त्याचं भेंडोळं खिशात ठेवलं, दह्याची वाटी शहादेवरावांकडे सरकवली आणि म्हणाला, "तू मुद्दाम केलं असतंस, तर सगळी फुलं माझ्याच डोक्यावर पडली असती."